सोजरावहिनीची न घासलेली रेती

सोजरावहिनीनं उभ्या जन्मात एकच गोष्ट घासायची सोडली, आणि त्या न घासलेल्या गोष्टीवर आज आमचं सगळं गाव पाणी पितं. तीच हकिकत लिहायला बसलो आहे. मधेच दुसरीकडे वळलो तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आमच्या हिवरटाकळीची वाटच तशी आहे. पिंपळगाव राजाहून नांदुऱ्याच्या अंगानं निघालं की सरळ असं काही लागतच नाही.

सोजराबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, शंकररावची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सातवी शिकून ढोरांमागे फिरत होतो. नव्या नवरीला बसायला पाट मांडला होता. तिनं पाट पाहिला नाही, चुलीमागची काळी भिंत पाहिली आणि पदर खोचला.

आई म्हणाली, "अवं, आज तरी बस जराशी."

"बसते ना आत्याबाई. भिंत पुसते अन् बसते."

त्या दिवशी भिंत पुसली, दुसऱ्या दिवशी पाट घासला, आणि ती नीट बसली अशी मला तरी आठवत नाही. शंकररावनं नागपूरहून एक रेडिओ आणला होता, गावातला सगळ्यात मोठा. वहिनीनं तो मागून उघडला आणि आतून ओल्या फडक्यानं पुसला. तेव्हापासून रेडिओ नुसता खरखरायचा. भाऊ कान लावून बसायचा, मग म्हणायचा, "बातम्या येत नाईत आता याच्यात."

वहिनी म्हणायची, "पन चमकते कसा, ते पाहा ना."

भाऊ तिच्यावर कधी चिडला नाही. तो रेडिओ अजून आमच्या फळीवर आहे. अजून चमकतो.

आता पाण्याचं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअर मारला की पाणी लागतं, पण जिभेवर ठेवलं की तोंड वाकडं होतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही. वहिनीला त्या फेसाचाच मोठा राग होता. पण खरा राग नंतर आला. शंकररावच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला मशीनवर न्यायचो आम्ही, खामगावला. डॉक्टरांनी पाण्यावर बोट ठेवलं नाही, कारणं बरीच असतात म्हणाले. वहिनीनं मात्र मनात पक्कं धरलं. भाऊ गेला त्या वर्षी ती मला म्हणाली, "भाऊजी, या गावाच्या हंड्यात पुन्हा बोअरचं पानी येऊ देनार नाई मी. माह्या जीवात जीव हाये तोवर."

म्हणूनच गावतलावाच्या काठी रेतीचं टाकं बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो तिचा. गोटे वाहिले, गिट्टी वाहिली, पाणी समितीची अध्यक्ष झाली. टाकं म्हणजे काय, तर सिमेंटचा मोठा हौद. तळाला जाड गिट्टी, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर छातीएवढी रेती, आणि रेतीवर उभं पाणी. तलावाचं पाणी वरून येतं, रेतीतून हळूहळू पाझरतं, खालच्या नळीनं बाहेर पडतं आणि मोटारीनं उंच टाकीत चढतं. टाकीत जंतू मारायचं औषध पडतं आणि मग नळाला येतं. चाव्या फिरवायचं काम शकीलकडे. शकीलचा बाप आमच्या गावचा पिंजारी होता. त्याच्या हातची गादी मी अजून वापरतो. पण ते राहू द्या.

गोड पाणी आलं. डाळ शिजायला लागली. पाहुणे आमच्याकडे चहा मागून प्यायला लागले.

आमच्या गावात जयंतीच्या आदल्या दिवशी एकही वस्तू कोरडी राहत नाही. विहार धुवायचा, पुतळ्याचा चौथरा धुवायचा, गल्ल्या धुवायच्या, बैलगाड्या धुवायच्या. मिरवणूक मशिदीवरून जाते म्हणून तिकडची माणसंही आपली गल्ली धुऊन ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शकीलची आई सरवरी सगळ्यांना सरबत पाजते. या धुलाईची पुढारी अर्थातच सोजरावहिनी. दोन उन्हाळ्यांमागे गावात धुवायचं काही उरलं नाही तेव्हा तिची नजर रेतीच्या टाक्यावर गेली.

शकीलला तिनं वरचं पाणी उतरवायला लावलं. पाणी उतरलं आणि बाया वाकून पाहायला लागल्या. मीही निंबाच्या सावलीतून उठून गेलो. रेती दिसतच नव्हती. तिच्यावर तपकिरी, हिरवट, बुळबुळीत साय धरली होती. बोट लावलं की कातड्यासारखी सोलून यायची.

"वो माय," एकजण म्हणाली. "हे पेऊन राह्यलो आपन?"

शकील म्हणाला, "काकी, मी वरून बोटभर खरवडतो अन् सोडून देतो. बाकीले हात लावू नोको म्हने. बांधनाऱ्या सायबानं सांगतलं होतं."

"कोन्या सायबानं?"

"तो चष्म्यावाला."

"त्यानं पेलं का इथलं पानी?"

बाया टाक्यात उतरल्या. दिवसभर रेती वर आली, घमेल्यात पडली, ब्लिचिंग पावडर घालून घासली गेली, परत परत खळखळून धुतली गेली. धुताना जी अगदी बारीक रेती पाण्याबरोबर वाहत होती तिला वहिनी "ही मातीच हाये" म्हणाली आणि ती सगळी बाजूला काढून विहाराच्या अंगणात पसरायला लावली, मिरवणुकीत पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून. उरलेली जाड रेती परत टाक्यात गेली. साखरेसारखी चमकत होती. शकीलनं चावी उघडली तर खालच्या नळीतून पाणी असं धावलं की तोही खूश झाला.

"काकी, नाक मोकयं झालं टाक्याचं," तो म्हणाला.

वहिनी त्या संध्याकाळी चालत घरी गेली नाही, मिरवत गेली.

जयंती झोकात झाली. पुढच्या आठवड्यात गावाची पोटं बिघडली. आधी लहान लेकरं, मग म्हातारे. मीही दोन दिवस घराच्या मागंच होतो, त्याचं वर्णन करत नाही. दवाखान्याची गाडी आली, सलाइनी लागल्या. सगळे उठून बसले, पण भीती बसली ती बसलीच. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं पाणी तपासायची लहान बाटली आणली. तिच्यात नळाचं पाणी भरून दीड-दोन दिवस ठेवायचं. पाणी चांगलं असलं तर आतलं औषध पिवळट राहतं, आणि पाण्यात पोटाचे जंतू असले तर काळं पडतं. आमच्या नळाची बाटली काळी पडली. डांबरासारखी. नळ बंद झाले आणि टँकर यायला लागला.

ग्रामसभा निंबाखाली भरली. सरपंच प्रेमानंद आमच्याच भावकीतला, माझ्या चुलतभावाचा पोरगा. माणूस वाईट नाही. त्याची स्वतःची नात सलाइनवर होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "टँकर किती दिवस पुरन? मी बोअर जोडतो. खारं त खारं, पन हगवन लागत नाही. टाकं पाडू अन् त्या जागी मोटारीची खोली काढू."

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. ती उठली. रडेल असं वाटलं होतं मला.

"रेती मी धुतली," ती म्हणाली. "कोनी सांगतलं नवतं, मीच धुतली. काय चुकलं ते मले सांगा. मी दुरुस्त करते."

सभेला पंचायत समितीतून एक इंजिनिअर पोरगी आली होती, समता नाव. बाप दुसरबीडकडचा मास्तर. ती वहिनीजवळ येऊन सतरंजीवरच बसली.

"आजी, दही कसं लावता?"

"विरजनानं. अजून कशानं?"

"आणि दह्याचं गाडगं ब्लिचिंग पावडरनं घासून काढलं, विरजणही फेकलं, आणि नुसतं दूध ओतून ठेवलं तर?"

"नासन ते."

"टाक्याचं तेच झालंय. ती वरची साय म्हणजे टाक्याचं विरजण होतं. ते जिवंत असतं आजी. तलावातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी रेतीवर विणलेलं जाळं. पोट बिघडवणारे जंतू त्याच्यात अडकतात, आणि ते जाळंच त्यांना खाऊन टाकतं. रेती म्हणजे त्याला बसायला दिलेली जागा. जागाही आता बरोबर राहिली नाही, कारण बारीक रेती तुम्ही काढून टाकली. आणि वरच्या टाकीतलं औषध एकटं एवढ्या जंतूंना पुरं पडत नाही."

वहिनीनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. घासून घासून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालेली आहेत.

"म्हंजे मी घान नाई धुतली," ती म्हणाली. "राखनदार धुतले."

समतानं मान डोलावली.

"मंग येतीन का ते परत?"

"येतील. पण घाई केली तर येत नाहीत."

प्रेमानंद म्हणाला, "किती दिवस लागतीन, ते सांगा मॅडम."

"उन्हाळ्यात लवकर होतं. तरी महिना धरून चला. तोवर टाक्यातून निघालेलं पाणी प्यायचं नाही, सोडून द्यायचं."

लोकांत कुजबुज उठली. वैशाखात पाणी सोडून द्यायचं, हे ऐकायलाच आमच्याकडे जड जातं. शेवटी असं ठरलं की बुद्धपौर्णिमेला पुन्हा सभा घ्यायची. पौर्णिमा त्या साली उशिरा होती. त्या दिवशी टाक्याच्या पाण्याची बाटली सगळ्यांसमोर पाहायची. पिवळी असली तर टाकं राहिलं. काळी असली तर बोअर.

"पाइप तेवढा आनून ठेवतो," प्रेमानंद म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच काळ्या पाइपांची वेटोळी टाक्याच्या भिंतीला टेकवून गेला. वहिनीला येता-जाता ती दिसायची.

तिनं आधी रेती हाती घेतली. समतानं सांगितलं होतं की रेती फार जाड असली तर घाण आरपार जाते आणि फार बारीक असली तर तोंड बुजून टाकं तुंबतं, कण मधल्या मापाचा पाहिजे.

"किती बारीक? नीट सांग ना पोरी," वहिनीनं विचारलं.

"बारीक रव्याएवढी."

तेवढं ऐकल्यावर वहिनीला पुढचं सांगावं लागलं नाही. विहाराच्या अंगणातली रेती गोळा झाली. लेकरांनी तिचे किल्ले केले होते, ते मोडताना दोन पोरं रडली. रेती साध्या पाण्यानं धुतली, उन्हात घातली. आमचं ऊन तुम्हाला माहीत आहे, दुपारपर्यंत रेती फुटाण्यासारखी तापली. मग चाळण्या आल्या. रव्याच्या चाळणीवर जे उरलं ते जाड म्हणून बाद, मैद्याच्या चाळणीतून जे खाली गेलं ते धूळ म्हणून बाद, मधलं तेवढं टाक्यात. सरवरीनं ईदच्या वेळची आपली चाळणी आणून दिली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सोजरा, याच्यात मी खायचं चाळते, अन् तू रेती चाळून राह्यली."

"मंग काय झालं? दोन्ही पोटातच जाऊन राह्यलं ना."

"चाळनी नवी घेऊन दे मले."

"टाकं चालू झालं की देईन."

"अन् नाई झालं तर?"

"तर माही घे. माही जास्त घासलेली हाये."

सरवरी हसली आणि चाळायला बसली. तिच्यामागे मोहल्ल्यातल्या चार बाया बसल्या. आमच्या बायांना मग उभं राहणं शोभेना.

रेती भरली, वरून तलावाचं पाणी सोडलं. आता दुसरी अट. टाक्यातून पाणी हळू गेलं पाहिजे, वरून येणारं पाणी बंद केलं तर पातळी तासाला वीतभर उतरावी, त्याहून जास्त नाही. धावत्या पाण्याला ते जाळं धरून ठेवू शकत नाही. आणि एकदा चालू केलं की थांबवायचं नाही, वरचं पाणी आटू द्यायचं नाही, नाहीतर राखणदार मरतात. वीज गेली की तलावावरची मोटार थांबते, म्हणून टाक्याच्या आधी तलावाचं पाणी साठवायची जी टाकी आहे ती वहिनीनं कधी अर्ध्याखाली येऊ दिली नाही. चावी कमी फिरवायची म्हणजे शकीलला अंगावर काटा येत होता. आयुष्यभर लोकांनी त्याला "अजून उघड, अजून उघड" म्हटलेलं.

"काकी, वीत म्हंजे तुही वीत का माही?"

"माही."

"काऊन?"

"तुही लय लांब हाये."

ती भिंतीला वीत लावून बसायची आणि शकील चावीला हात लावून उभा राहायचा. एक तास दोघं पाण्याकडे पाहायचे. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, यांचं काही हरवलंय.

टाक्यातून निघालेलं पाणी ढोरांच्या हौदात आणि शाळेच्या झाडांना सोडलं होतं. टँकरच्या रांगेत उभ्या बाया ते पाहायच्या आणि बोलायच्या.

"मानसं टँकरवर, अन् सोजराबाईच्या राज्यात ढोरं फिल्टरचं पेऊन राह्यली."

वहिनी ऐकायची. एकदा थांबून म्हणाली, "ढोरं तक्रार नाही करून राह्यली. तुमचीही वेळ येईन." तिनं हे हसून म्हटलं नव्हतं.

तिसरी अडचण म्हशींची. टाक्याला पाणी जातं त्याच तोंडाशी तलावात दुपारी म्हशी लोळायच्या आणि तळाचा सगळा चिखल वर यायचा. समता म्हणाली होती की गढूळ पाणी आलं तर टाकं चार दिवसांत तुंबेल, मग पुन्हा खरवडा आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हशी होत्या सरपंच प्रेमानंदच्या. वहिनी काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. मी काठावरून म्हणालो, "वहिनी, सरपंचाच्या म्हशी हायेत."

"म्हशीले माहीत हाये का ते?"

म्हशी निघाल्या. त्यातली एक, टवकी तिचं नाव, ही माझ्या चांगल्या ओळखीची. तिची आई माझ्याच गोठ्यात जन्मली होती. ती वहिनीकडे इतक्या दुखावल्या नजरेनं पाहत गेली की मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं तिथं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. प्रेमानंद घरी आला, चहा प्याला, म्हशींचा विषय काढायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहाचंच कौतुक करून गेला.

पहिली बाटली काळी पडली. आशाताईनं ती वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं उजेडात धरली, पुन्हा तिला दिली.

"अजून नाही लागलं," ती म्हणाली, जसं दह्याबद्दल म्हणतात.

दुसरीही काळी पडली, पण उशिरा पडली. त्या दिवशी घरी येऊन वहिनीनं आमचा मोठा तांब्याचा हंडा घासला. आदल्या दिवशीही घासला होता. मी ओसरीवर बसलो होतो.

"वहिनी, हंड्याले भोक पडन."

"पडू द्या. हात दुखून राह्यले माहे."

तेव्हा मला समजलं की काय चाललंय. टाक्यात पुन्हा ती तपकिरी साय धरायला लागली होती. ज्या गोष्टीला पाहून तिचा हात आपोआप पुढे जातो तीच गोष्ट तिला रोज सकाळी जाऊन पाहावी लागत होती, आणि हात मागे ठेवून परत यावं लागत होतं. तिचा सगळा निश्चय तिथं लागत होता. गोटे वाहणं तिला सोपं होतं. त्या दिवसांत आमच्या घरचं एक भांडं असं राहिलं नाही की ज्यात तोंड पाहून दाढी करता येणार नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी टाक्याकडे गेलो तर तिथं बायांची फौज. खराटे, बादल्या, घमेली. उद्या पाहुणे येणार, पंचायत समितीची मोठी माणसं येणार, म्हणून प्रेमानंदनं सगळा परिसर स्वच्छ करायला सांगितला होता. या बाया वहिनीनंच तयार केलेल्या, तिच्याच हाताखाली धुवायला शिकलेल्या. त्यांनी टाक्यात डोकावून पाहिलं तर पुन्हा तीच साय. त्यांची पुढारी महामाया, तरुण पोरगी, हातात लांब दांड्याचा खराटा घेऊन पायऱ्या चढत होती.

"आत्या, वरचं वरचं काढून घेते. पाहुने पाहतीन त काय म्हनतीन?"

वहिनी टाक्याच्या काठावर बसली. उतरायच्या पायरीवरच, आडवी.

"काय म्हनायचं ते म्हनू दे. तू खाली उतर."

"आत्या, घान दिसते ना."

"दिसू दे."

मी तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. महामायाही खराटा धरून थांबली. मागच्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"तुमीच शिकवलं आमाले आत्या," महामाया म्हणाली. "जे धुता येते ते धुवावं म्हने."

"शिकवलं. माहंच चुकलं होतं, ते पुऱ्या गावानं भोगलं. आता हे दुसरं शीक माह्यापासून. बाहेरची भिंत धू, पायऱ्या धू, कुंपन धू, म्हनशीन त मले धू. पन या पान्याले खराटा लागला त मी इथून उठनार नाही, मंग पाहुने येवो का कोनी येवो."

महामायानं खराटा खाली ठेवला. मग हसली आणि म्हणाली, "तुमाले धुवायची आमची हिंमत नाही बाप्पा."

बाहेरची भिंत धुतली, पायऱ्या धुतल्या. प्रेमानंदच्या पाइपांची वेटोळीसुद्धा कोणी तरी पुसून ठेवली. वहिनी दिवस मावळेपर्यंत काठावर बसून होती. भाकर मीच नेऊन दिली.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली, आणि सगळं गाव निंबाखाली जमलं. समता बुलडाण्याहून आली होती. तिनं दोन दिवस आधीच दोन बाटल्या भरून डब्यात बंद करून आशाताईकडे ठेवल्या होत्या. एक तलावाच्या पाण्याची, एक टाक्यातून निघालेल्या पाण्याची. डबा सतरंजीवर ठेवला. वहिनी समोर बसली होती. धुवट पांढरं लुगडं, हात मांडीवर.

प्रेमानंद हळू आवाजात म्हणाला, "काकू, कायी निघाली त?"

"त जोड तुहा पाइप. ठरलं ते ठरलं, मी आडवी येनार नाही. पन टाकं पाडू नोको. तुमी खारं प्या, मी टाक्यापाशी बसते. आज नाही लागलं त उद्या लागन. लागलं की तुमाले बलावते."

त्यानं मान खाली घातली. तो बोअरचं पाणी प्यायलेल्या घरातलाच. शंकररावला खामगावला नेताना कितीदा त्याचीच गाडी असायची.

समतानं डबा उघडला. पहिली बाटली वर काढली, तलावाची. काळी. अपेक्षाच होती, तरी मागचे लोक पुढे सरकले. मग दुसरी काढली. ती उन्हात धरली. पिवळी. भरली तेव्हा होती तशीच. समतानं ती फिरवून पाहिली, आशाताईला दाखवली, मग वहिनीच्या हातात दिली.

"आजी, ही आपली गावातली तपासणी. मी पाणी प्रयोगशाळेतही दिलं होतं. तिथूनही चांगलं आलंय, सकाळीच कळलं. तरी नळाला सोडण्याआधी वरच्या टाकीत औषध टाकायचंच. फक्त रेतीच्या आधी कधी टाकायचं नाही, नंतर टाकायचं."

वहिनीनं बाटली दोन्ही हातांत धरली होती. लोक काही ऐकायची वाट पाहत होते. ती समताला म्हणाली, "लागलं म्हनायचं मंग?"

"लागलं आजी."

"शकील," वहिनी म्हणाली, "ढोरांची चावी बंद कर. टाकीची उघड."

शकील धावत निघाला. ती मागून म्हणाली, "हयू उघड. वीतभर." तो म्हणाला, "तुहीच वीत काकी, मले माहीत हाये," आणि सभा मोडली, कारण सगळे त्याच्या मागे गेले.

संध्याकाळी नळ आले. वहिनीनं घासून घासून पातळ झालेला तो हंडा भरला, डाळ टाकली. डाळ पहिल्या उकळीलाच फुटली. तिनं एक वाटी शंकररावच्या फोटोपुढे ठेवली आणि मग मला वाढलं.

प्रेमानंदच्या पाइपांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यानं ते परत नेले नाहीत. तलावापासून दूर म्हशींसाठी वेगळा हौद केला आणि त्या पाइपांनी तिकडे पाणी नेलं. टवकी आता तिथं लोळते. वहिनीकडे अजून रागानंच पाहते. आणि सरवरीला नवी चाळणी मिळाली, पण वापरत नाही. म्हणते, जुनीच चांगली होती, ती सोजरानं परत दिली नाही.

यंदाच्या जयंतीच्या आदल्या दिवशी गाव नेहमीसारखं धुतलं गेलं. टाक्यावरची साय जाड होऊन पाणी अगदी थेंब थेंब यायला लागलं होतं, म्हणून शकील खरवडायला उतरला. तेवढं करावंच लागतं, आणि त्यानंतर काही दिवस पाणी पुन्हा ढोरांना सोडावं लागतं. त्यावरून आता कोणी टोमणे मारत नाही. वहिनी काठावर उभी होती, हातात खराटा. धुवायला नव्हे, कोणी धुवायला आलं तर त्यासाठी. शकीलनं फावडं टेकवलं.

"बोटभरच," वहिनी म्हणाली.

शकीलनं वर पाहिलं. "कोनाचं बोट काकी? माहं का तुहं?"

तिनं आपलं ते घासून गुळगुळीत झालेलं बोट काठावरून खाली करून दाखवलं. शकीलनं फावडं अजून आडवं केलं आणि हळूच, साय काढावी तसं, खरवडायला लागला.